कलासंस्था, विद्यार्थी आणि अनुदान

पूर्वी दरबारातील गवयाला वर्षासन मिळत असे. आजच्या कलासंस्थेला अनुदान मिळते. वर्षासन माणसाला असे आणि ते वर्षामागून वर्ष चालू राही. अनुदान हे बहुधा कामाला असते, त्याला मुदत असते, आणि मुदत संपली की उपयोगिता प्रमाणपत्र जोडून प्रकरण बंद करावयाचे असते. कलासंस्थांनी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन काही नवे करावे, यासाठी अलीकडे देशोदेशी अशी अनुदाने दिली जातात. हेतू स्तुत्य आहे. अशा पैशाने यंत्रे येतात, माणसे जमतात, प्रयोगही होतो. प्रयोग संपल्यावर त्याचे काय करावयाचे, हे मात्र अर्जात क्वचितच लिहिलेले असते.

अहमदाबादचे उदाहरण या दृष्टीने मोठे बोलके आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल सादर केला. आपल्या घरोघरच्या लोट्याचा आकार कसा घडत आला असेल, याविषयीचे त्यातील विवेचन आजही वाचण्याजोगे आहे. पुढे १९६१ मध्ये सरकारचा पैसा, फोर्ड प्रतिष्ठानचे साहाय्य आणि साराभाई कुटुंबाचा पुढाकार यांतून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन ही संस्था उभी राहिली.

या संस्थेत १९६९ मध्ये एक नवलाचे यंत्र आले. त्याचे नाव मूग सिंथेसायझर. त्याला तंतू नाहीत, कातडे नाही, फुंकरही लागत नाही. विजेच्या प्रवाहाला निरनिराळे वळण देऊन त्यातून नाद काढावयाचा. एका कप्प्यातील तार दुसऱ्यात खोवावी, खुंटी फिरवावी, आणि निघालेला आवाज फितीवर मुद्रित करावा. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे या यंत्राला सहज साधते. मींडेवर वाढलेल्या कानाला पेटीपेक्षा ते अधिक जवळचे वाटले असते, तर नवल नव्हते! डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने येऊन त्याची जुळणी करून दिली. या उपक्रमामागे गीता साराभाई होत्या. त्या स्वतः पखवाज वाजवीत. १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवून त्यांनी त्यांच्याकडून पाश्चात्य संगीत शिकून घेतले होते.

या ध्वनिदालनात गायक अतुल देसाई बसले, तसा जिनराज जोशीपुरा हा वास्तुकलेचा विद्यार्थीही बसला. वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात नाद घडविण्याचा धडा नसतो. तरीही या तरुणाने तेथे ‘स्पेस लायनर २००१’ नावाची रचना केली. विद्यार्थ्याच्या हाती असे साधन मोकळेपणाने द्यावे, त्याने ते विषयाबाहेर वापरले तरी अडवू नये, ही दृष्टी त्या काळी दुर्मीळ होती. आजही ती सुलभ झालेली नाही.

१९७२ नंतर मात्र हा ओघ आटला. फिती संस्थेतच राहिल्या. २०१७ मध्ये पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराच्या त्या हाती लागल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. म्हणजे जोशीपुरांच्या रचनेच्या नावातले वर्ष उलटून बावीस वर्षे झाल्यावर ती लोकांच्या कानी पडली! दरम्यान विद्यार्थ्यांच्या किती तुकड्या त्याच आवारातून शिकून बाहेर पडल्या. आपल्या आधीच्यांनी येथे काय करून ठेवले आहे हे त्यांना ऐकावयास मिळते, तर त्यांच्यातील कोणी पुढचे पाऊल टाकले असते.

हिशेबाच्या भाषेत खर्च दोन प्रकारचा, अनावर्ती आणि आवर्ती. यंत्राची खरेदी पहिल्यात मोडते. तंत्रज्ञाचे वेतन, फितींची निगा, त्यांची सूची ही दुसऱ्यात. देणाऱ्याचा ओढा पहिल्याकडे असतो, कारण यंत्रापुढे समई लावता येते, भिंतीवर पाटी बसविता येते. कपाटातल्या फितींची सूची करणाऱ्या कारकुनाच्या वेतनावर पाटी कुठे लावणार? आणि विद्यार्थी तर चार-पाच वर्षांचा पाहुणा. तो गेला की त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. ते मागे ठेवून घेणारे कोणीतरी संस्थेत कायम असावे लागते.

ही तरतूद अशक्य नाही. बार्सिलोना येथील पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात २०११ ते २०१७ या काळात युरोपीय संशोधन परिषदेच्या अनुदानावर असेच एक काम झाले. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतासह पाच परंपरांतील संगीत संगणकाला कसे समजावून द्यावे, हा त्याचा विषय होता. मुंबई आणि मद्रास येथील आयआयटी त्यात सहभागी होत्या, आणि कामाचा मोठा भार संशोधक विद्यार्थ्यांनी उचलला. यंत्राला राग ओळखता आला म्हणजे गाणे कळले असे नव्हे. पण तो वाद निराळा. या कामात जमविलेली ध्वनिमुद्रणे आणि त्यांवरील टिपणे पुढील अभ्यासकांसाठी रीतसर लावून ठेवण्यात आली. मुदत संपल्यावर आलेल्या विद्यार्थ्यालाही ती मागता येतात. त्यासाठी लागला तो नीट लावलेला संग्रह, त्याची सूची, आणि ती राखणारी माणसे.