हातातली विद्या पगारपत्रकात यावी



यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींच्या कोल्हापुरात स्वागत समितीच्या वतीने आपलं मनापासून स्वागत करतो. शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंतच्या आमच्या फाउंड्र्यांत कितीतरी माणसं वस्तादाच्या हाताखालीच घडली. व्यावसायिक मानकांवरची परिषद इथे भरते आहे, याचा म्हणूनच विशेष आनंद वाटतो.

आमचा जुना मोल्डर वाळू मुठीत दाबतो, गोळा मोडून त्याची कड पाहतो आणि पाणी जास्त झालंय की कमी, ते सांगतो. ओल जास्त राहिली तर कास्टिंगमध्ये ब्लोहोल, कमी पडली तर साच्याच्या कडा झडून वाळू लोखंडात. एवढं जाणणारा माणूस हजेरीपत्रकावर मात्र वर्षानुवर्षं ‘हेल्पर’! कारखाना बदलला की पुन्हा पहिल्या पायरीवर. हा अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणतो.

२०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला. कामागणिक मानकं लिहिली गेली: काय करता यायला हवं, काय ठाऊक हवं, स्वतःला आणि शेजाऱ्याला कसं सांभाळायचं. कामावर शिकलेल्यालाही पारखून प्रमाणपत्र द्यायची सोय झाली. ही रचना मला मान्य आहे. आग्रह इतकाच, की परीक्षा फाउंड्रीतच व्हावी, कामगाराच्या साच्यावर, त्याच्या बोलीत. १,४०० अंशांच्या आसपासचं लोखंड धार न तोडता ओतणाऱ्याला कागदावरच्या चार पर्यायांत अडकवू नका. आणि किमान वेतनात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग आहेतच. जो परीक्षेत उतरला, त्याचा वर्ग त्याच महिन्यात बदलायला हवा. नाहीतर प्रमाणपत्र भिंतीवर आणि पगार जागच्या जागी.

शिकवलेल्या माणसाला शेजारचा कारखाना पळवून नेतो, ही उद्योजकांची भीती मी जाणतो. मी स्वतः भट्टी चालवतो. पण न शिकवल्याची किंमतही रिजेक्शनच्या ढिगात आपण रोज मोजतोच की!

उद्या सकाळी मोल्डिंगच्या मानकाचा मराठी मसुदा वाचला जाईल. त्यावर आधी मोल्डरांनी बोलावं आणि नंतर आम्ही मालकांनी, अशी अध्यक्षांना विनंती करतो आणि सभेची सूत्रं त्यांच्याकडे सोपवतो.