नगरवासी घार आणि जीवदया



सोलापुरात सिद्धेश्वर तलाव व भुईकोट किल्ल्यावर संथ घिरट्या घालणारी, दुभंगल्या शेपटीची घार सर्वांच्या परिचयाची आहे. नान्नजच्या माळरानावर हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या पक्षीही शिकारीच. परंतु ते गवताळ रान सोडून वस्तीत येत नाहीत. घारीने मात्र मनुष्याशी जुळवून घेतले. उंदीर, मेलेली जनावरे आणि मंडईमागचा उकिरडा यांवर तिचा निर्वाह चालतो. उंच वृक्ष न मिळाल्यास ती दिव्याच्या खांबावर अथवा मोबाइलच्या मनोऱ्यावर घरटे बांधते. त्यात काटक्यांबरोबर सुतळी व चिंध्याही असतात. चादरींच्या या गावी त्यांना तोटा कसला!

नगराने तिला अन्न दिले, तसा मांजाही दिला. काचेची पूड लावलेला किंवा नायलॉनचा धागा उडत्या घारीला दिसत नाही. तो पंखाच्या कडेची त्वचा व स्नायुबंध कापीत हाडापर्यंत जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली अशा मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो विकला जातोच, आणि विकणारे कोणी परके नसतात.

येथे जैन समाजापुढे अवघड प्रश्न उभा राहतो. कबुतरांना दाणे घालणारे हात घारीपाशी अडखळतात, कारण तिला मांस लागते. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षिरुग्णालयात शिकारी पक्ष्यांवर उपचार होतात, मात्र त्यांना दाखल करून घेतले जात नाही. त्याच शहरात नदीम शहजाद व मोहम्मद सऊद या बंधूंनी जखमी घारींची शुश्रूषा आरंभली. त्यांच्यावरील शौनक सेन यांचा माहितीपट २०२२ साली कान महोत्सवात गौरविला गेला.

हिंसेचा दोष टाळणारा रुग्णालयाचा नियम समजण्याजोगा आहे. परंतु हेमचंद्राचार्यांनी वर्णिलेल्या, शांतिनाथ भगवंतांच्या पूर्वभवातील मेघरथ राजाच्या कथेत ससाण्याचाही पक्ष ऐकला जातो. कबुतराला अभय मिळाले, मग भुकेल्याने काय करावे, हा त्याचा प्रश्न राजाने धुडकावला नाही. स्वतःचे मांस तराजूत घातले.

उपचार व आहार वेगळे करता येतात. मलमपट्टी, टाके, औषधे व पिंजरा यांचा खर्च न्यासांनी उचलावा. आहार व पुढील सांभाळ वनविभागाकडे राहावा. घायाळ घार आढळल्यास अंगावर जाड कापड टाकून तिला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवावे. पंखात रुतलेला मांजा ओढू नये, चोचीत पाणी ओतू नये, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.