गाडीत ड्रायव्हरदादांना अचानक त्रास झाला तर

 

आपल्या शिरूर-दौंडच्या बायकांचं जाणं-येणं आता वाढलंय. कधी गटाचं प्रशिक्षण असतं, कधी रांजणगावचं नाहीतर सिद्धटेकचं दर्शन, कधी लग्न. आपण जीप ठरवतो, दहा-बाराजणी दाटीवाटीनं बसतो आणि निघतो. गाडीचं भाडं आपण चारदा विचारतो. पण वाटेत ड्रायव्हरदादांनाच काही झालं तर काय करायचं, हे कुणीच बोलत नाही. आज त्याचंच बोलूया.

असा प्रसंग आपल्याच तालुक्यात घडलेला आहे. 7 जानेवारी 2022 ला वाघोलीच्या काही बायका मुलांना घेऊन मोराची चिंचोलीला सहलीला आल्या होत्या. परत जाताना मिनीबसच्या ड्रायव्हरला फिट आली आणि बस आडरस्त्याला थांबली. बायका घाबरल्या, मुलं रडायला लागली. तेव्हा 42 वर्षांच्या योगिता सातव पुढं झाल्या आणि त्यांनी स्टिअरिंग हातात घेतलं. सुमारे दहा किलोमीटर बस चालवून त्यांनी आधी ड्रायव्हरला दवाखान्यात पोहोचवलं. पुढं त्यांचा व्हिडिओ सगळीकडं फिरला, खूप कौतुक झालं.

त्यांच्या धाडसाबद्दल सगळे बोलले. आम्हाला मात्र त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्यांना कार चालवता येत होती. बस कधी चालवली नव्हती, पण क्लच, ब्रेक, गिअर हाताखालचे होते. अंगात विद्या होती म्हणून धाडस कामाला आलं. आपल्या दहाजणींच्या जीपमध्ये अशी एक तरी असते का?

आता नीट ऐका. गाडी चालवणाऱ्याला एकाएकी दरदरून घाम सुटला, छातीत कळ आली, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर "जरा पुढं जाऊन थांबू" म्हणू देऊ नका. "दादा, आत्ता गाडी बाजूला घ्या," असं ठणकावून सांगा. आपण स्वतः स्कूटीवर असलो तरी हेच. डाव्या कडेला थांबायचं, गाडी स्टँडवर लावायची आणि रस्त्यापासून दूर खाली बसायचं. घर एक किलोमीटरवर आलं असलं तरी थांबायचंच.

चालत्या जीपमध्ये किंवा कारमध्ये ड्रायव्हरची शुद्धच गेली तर शेजारी बसलेलीनं आधी स्टिअरिंग सरळ धरायचं. त्यांचा पाय एक्सलेटरवर दाबून राहिला असेल तर तो बाजूला सारायचा. गिअर न्यूट्रलला घ्यायचा. हँडब्रेक हळूहळू ओढायचा, एकदम हिसका द्यायचा नाही, गाडी फिरते. गाडी चालू असताना किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. गाडी थांबली की मग किल्ली बंद करा आणि लाल त्रिकोणाचं बटण दाबा, म्हणजे चारी दिवे लुकलुकतात. उसाच्या ट्रॉल्यांच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर हे फार गरजेचं आहे. मग बायका-मुलांनी डाव्या दारानं उतरून रस्त्यापासून लांब उभं राहायचं.

एकीनं लगेच 108 ला फोन लावायचा. ही रुग्णवाहिका फुकट येते. गावाचं नाव, जवळचा फाटा, पंप किंवा किलोमीटरचा दगड सांगायचा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 ला पण मदत मिळते.

फिट आली असेल तर माणसाला दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. डोक्याखाली मऊ कापड ठेवा, गळ्याजवळचं बटण सैल करा, झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात जात नाही. घड्याळ बघून ठेवा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर जिवाला धोका असतो. साखरेचा आजार असलेला माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल आणि थरथरत असेल, तर साखर किंवा गूळ द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही.

आता मागची आवराआवर. अशा वेळी उलटी होते, कधी कपड्यातच लघवी होते. माणूस शुद्धीवर आला की पहिली नजर कपड्यांवर जाते आणि तो शरमेनं मान खाली घालतो. म्हणून आधी त्याच्या अंगावर ओढणी किंवा शाल टाका. बघ्यांना बाजूला करा, मोबाईलवर शूटिंग करू देऊ नका. उलटीत रक्त दिसलं तर डॉक्टरांना जरूर सांगा.

माणूस दवाखान्यात गेला आणि गाडी रस्त्यावरून बाजूला झाली, की मगच साफसफाई. अपघात झाला असेल तर पंचनामा होईपर्यंत हात लावू नका. एरवी हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, घाणीवर राख किंवा कोरडी माती टाकायची, ती ओल शोषून घेते. पुठ्ठ्यानं उचलून पिशवीत भरायची. मग साबणाच्या पाण्यानं पुसायचं, शेवटी फिनेलचं पाणी. कापडी सीट असेल तर घासू नका, डाग आत जातो, टिपून घ्या. रक्त असेल तर गार पाणी वापरा. वास राहिला तर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका आणि दारं उघडी टाकून उन्हात गाडी वाळवा. ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड कधी एकत्र करू नका, विषारी वायू होतो. हे सगळं झालं की साबणानं हात धुवा.

ही सफाई त्या आजारी माणसाला करायला लावू नका आणि त्याच्या भाड्यातून पैसेही कापू नका. गटाच्या खर्चातून शंभर-दोनशे रुपये गेले तर काही बिघडत नाही.

आणखी एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. लायसन्सच्या अर्जात फिट किंवा अचानक भोवळ येते का, हे विचारलेलं असतं. पुष्कळ जण लपवतात, कारण घर त्या स्टिअरिंगवर चालतं. गोळ्या चोरून घेतात, नाहीतर बरं वाटलं की आपल्या मनानं बंद करतात, आणि तिथंच घात होतो. आपल्या घरात असं कुणी असेल तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन चला. गाडी सोडावी लागली तर दुसरा धंदा उभा करायला गटाचं कर्ज आहेच की. शेळ्या, गिरणी, दुकान, काहीही निघेल. माणूस राहिला तर धंदा राहील.

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत एक काम करा. कुणाची तरी गाडी अंगणात उभी करा आणि एकेकीनं बसून बघा. हँडब्रेक कुठं आहे, न्यूट्रल कसं करायचं, लाल त्रिकोणाचं बटण कोणतं. पंधरा मिनिटं पुरतील. ज्यांना जमेल त्यांनी रीतसर लायसन्स काढून गाडी शिका. आणि गाडी ठरवताना भाड्याबरोबर हेही विचारा, "दादा, जेवलात का? गोळ्या घेतल्यात का? रात्री झोप झाली का?"

सांभाळून जा, सांभाळून या. नमस्कार.