सांदण दरीची सहल

मंडळी, आपण यात्रेला जातो, बाजाराला जातो, सोयऱ्याकडे जातो. पण नुसता मुलूख पाहायला कोण जातो? आम्ही गेलो! साक्षर वर्गाची माणसे घेऊन अकोले तालुक्यात गेलो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत हा तालुका आहे. तिथे काय पाहिलं, ते ऐका.

भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाला साम्रद गाव आहे. वस्ती महादेव कोळी लोकांची. गावातला एक तरुण वाटाड्या म्हणून बरोबर आला. गावाजवळच, जमीन दुभंगावी तशी सांदण दरी आहे. आम्ही आत उतरलो. दोन्ही अंगांना काळ्या कातळाच्या उंचच उंच भिंती. वाट कुठे रुंद, तर कुठे दोन माणसे जेमतेम मावतील एवढी. भर दिवसाही आत गारवा!

एका बाईने विचारले, "दादा, हे कुणी कोरलं?"

"पाण्यानं, मावशी," तो म्हणाला.

आम्ही भर घातली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वर आला. तो पसरला, थिजला. थरावर थर बसले. भाकरींची चवड असते ना, तसे! तोच हा काळा दगड. त्याला तडा गेला. पावसाच्या पाण्याने तो तडा झिजवून झिजवून मोठा केला.

वाटाड्या म्हणाला, "गुरुजी, पावसाळ्यात इथं पाऊल टाकायचं नाही. पाऊस वर डोंगरावर पडतो अन् लोंढा इथं येतो. पळायला वाट नाही." हे शहाणपण कुठल्या पुस्तकातले नव्हे. तिथे जन्म काढलेल्यांचे आहे.

दुपारी गावातल्या एका घरी जेवलो. भात, नाचणीची भाकरी, पिठलं. जेवणाचे पैसे दिले. पाहुण्यांमुळे गावाला चार पैसे मिळतात. जेवताना बियाण्याची गोष्ट निघाली. याच तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी गावरान बियाणे घरात जपले, लोकांना वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

मग घरधनी हळूच म्हणाला, "गुरुजी, पाहुणे येतात तसे जमीन मागणारेही येतात. हॉटेल बांधू म्हणतात. कागद पुढं करतात."

मंडळी, ही गोष्ट नवी नाही. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. सावकार आणि इंग्रज, दोघांविरुद्ध ते उठले. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. सावकाराच्या वहीत काय लिहिलंय, ते तेव्हा गरिबाला वाचता येत नव्हतं.

आता कायदा आहे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीने घ्यायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आधी लागते. भाडेपट्ट्यालाही लागते. हे आम्ही घरधन्याला सांगितले. त्याच्या मुलीने ते वहीत लिहून घेतले आणि बापाला मोठ्याने वाचून दाखवले.

तुमच्याही दारात कुणी कागद घेऊन येईल. घाई करू नका. "ठेवून जा, उद्या या," म्हणा. रात्री दिव्याखाली बसून सगळा कागद वाचा. अडलं, तर वर्गात घेऊन या. आपण मिळून वाचू.