संसारातील गणित
(कुंडल येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानावरून)



गणित ही केवळ परीक्षेपुरती विद्या होय, असा समज आपल्यांत अद्याप रूढ आहे. आपल्या पूर्वजांना तो मानवला नसता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे शोभेसाठी नव्हते. १६ आण्यांचा रुपया आणि ४० शेरांचा मण यांचा हिशेब बाजारात उभ्याउभ्या करता यावा, म्हणून ते मुखोद्गत करून घेत असत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो व लिटर आले, आणि त्या पाढ्यांची गरज ओसरली. हिशेबाची गरज मात्र तसूभरही ओसरलेली नाही.

जमिनीचेच पाहा. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद तो एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. वाकड्या शेताच्या समोरासमोरील बाजूंची सरासरी काढून त्या दोन सरासरींचा गुणाकार केला, तर क्षेत्र नेहमी वाजवीपेक्षा अधिक येते. शेत काटकोनी असेल तरच ते बरोबर येते. ३३ फुटांच्या चारही बाजू कायम ठेवून कोपरे तिरपे केले, तर बाजू त्याच राहतात आणि गुंठा आटतो. नसलेल्या जमिनीसाठी भावाभावांत वैर येते ते असे. म्हणून चार बाजूंबरोबर एक कर्णही मोजावा. शेताचे दोन त्रिकोण होतात व खरे क्षेत्र हाती येते.

कर्जाची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘शेकडा दोन’ हे शब्द कानाला सौम्य वाटतात. पण ते दरमहा असतील तर वर्षाचे २४ होतात. समजा, १ लाख रुपयांवर सरसकट १० टक्के व्याज धरून १२ समान हप्ते पाडले. प्रत्येक हप्ता सुमारे ९,१६७ रुपयांचा होतो. परंतु मुद्दल दरमहा फिटत असल्याने वर्षभर सरासरीने सुमारे ५४ हजारच आपल्याकडे राहतात, आणि व्याज मात्र पुऱ्या लाखावर भरले जाते. खरा दर १८ टक्क्यांच्या घरात पडतो.

क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने १९४३ नंतर याच परिसरात सावकारी जाचाशी झुंज घेतली. आज कागदावरचा आकडा न समजता सही करणे, म्हणजे तो जाच स्वखुशीने घरात आणणे होय.

यंत्र गुणाकार करून देईल. कशाला कशाने गुणावयाचे, हे आपणच जाणले पाहिजे. म्हणून लग्नकार्याचे कर्ज असो वा शेताची वाटणी, सहीपूर्वी घरातील स्त्रिया व शिकती मुले यांच्यासह एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.