साहेबांना माहीत नसतं तेव्हा

वरिष्ठाने चारचौघांत ‘मला हे ठाऊक नाही’ किंवा ‘माझा अंदाज चुकला’ असं म्हणणं आपल्या कार्यालयांत अजूनही कमीपणाचं मानतात. नव्याने बढती मिळालेल्याला तर पहिला सल्ला हाच मिळतो, की हाताखालच्यांना आपली उणीव दिसू देऊ नका, नाहीतर डोक्यावर बसतील. मला हा सल्ला घातक वाटतो. कामात काही बिघडत असेल तर ते बहुधा आधी दिसतं खालच्या माणसाला, आणि थांबवण्याचा अधिकार असतो वरच्याकडे. खालून वर बातमी जायची तर वरच्याला ती हवी आहे, याची खालच्याला खात्री पटावी लागते. ज्या साहेबांना सगळंच माहीत असतं, त्यांना कोण काय सांगायला जाणार?

याचा सर्वांत भीषण पुरावा विमान वाहतुकीच्या इतिहासात आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. त्यांपैकी केएलएम या विमान कंपनीचं विमान परवानगीशिवाय उड्डाणासाठी धावू लागलं होतं. त्याचे कॅप्टन कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ वैमानिक, इतरांना शिकवणारे. त्यांनी आधी एकदा इंजिनांचा जोर वाढवला तेव्हा, अजून परवानगी नाही, हे सहवैमानिकाने सांगितलं होतं. काही क्षणांनी कॅप्टन पुन्हा निघाले, तेव्हा मात्र त्याने स्पष्ट हरकत घेतली नाही. समोरचं विमान धावपट्टीवरून हटलं नाही का, असा प्रश्न फ्लाइट इंजिनिअरने केला. कॅप्टननी ठामपणे ‘हटलं’ असं सांगितलं आणि विषय संपला. शंका त्या केबिनमध्ये होती, बोलूनही दाखवली गेली होती. ऐकणाऱ्याच्या ठामपणापुढे ती टिकली नाही. अशा अपघातांतून धडा घेऊन पुढच्या काही वर्षांत वैमानिकांना वेगळं प्रशिक्षण मिळू लागलं: कॅप्टनने सहकाऱ्यांना विचारायचं, आणि सहकाऱ्यांनी न कचरता बोलायचं.

अशा प्रशिक्षणाचा कस १९ जुलै १९८९ रोजी लागला. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचं शेपटीकडचं इंजिन आयोवा राज्यावर असताना फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. विमान वळवायचे नेहमीचे मार्गच उरले नाहीत, आणि अशा अवस्थेत काय करायचं हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. कॅप्टन अल हेन्स यांनी सगळं कळत असल्याचा आव आणला नाही. प्रवासी म्हणून बसलेले कंपनीचे एक प्रशिक्षक-वैमानिक, डेनिस फिच, मदतीला आले, तेव्हा हेन्स यांनी त्यांना कॉकपिटमध्ये घेतलं आणि उरलेल्या दोन इंजिनांचा जोर सांभाळायचं काम त्यांच्या हाती दिलं. विमान सू सिटीच्या धावपट्टीवर कोसळलं, ११२ जण दगावले. पण २९६ पैकी १८४ वाचले. हेन्स पुढे अनेक व्याख्यानांत या सुटकेचं मोठं श्रेय त्या सामूहिक कामाच्या शिकवणीला देत राहिले.

गोंधळलेल्या सेनापतीमागे सैन्य जात नाही, असा यावर आक्षेप येतो, आणि त्यात तथ्य आहे. पण हेन्स गोंधळलेले नव्हते. उपाय ठाऊक नाही हे त्यांना मान्य होतं. विमानाची जबाबदारी कोणाची, याबद्दल तिथे कुणालाही शंका नव्हती. या दोन गोष्टींची गल्लत केली की आक्षेप खरा वाटू लागतो. स्वतःची घालमेल, घरची काळजी, नोकरीची धास्ती हाताखालच्यांवर रिती करणाऱ्या वरिष्ठाचं समर्थन मी करणार नाही. तो फक्त आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. कामासंबंधीची नेमकी अनिश्चितता सांगावी, सगळ्यांचं ऐकावं आणि मग निर्णय आपण घ्यावा, इतकंच अपेक्षित आहे.

दुसरी भीती शिस्तीची. साहेबच चुका कबूल करू लागले तर बाकीचे चुकायला मोकळे, असं म्हणतात. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्यातल्या चुका तपासल्या. चांगल्या परिचारिका-प्रमुखांच्या विभागांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती; नोंदी तर तिथेच जास्त सापडल्या. तिथल्या परिचारिका चुका लपवत नव्हत्या, म्हणून आकडा मोठा दिसत होता, असा उलगडा पुढे झाला. कोऱ्या नोंदवहीवर खूश होणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

तिसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करतो, निदान अर्धा. नुकत्याच प्रमुख झालेल्या स्त्रीने किंवा आपल्या समाजातून त्या खुर्चीवर पहिल्यांदाच पोचलेल्या माणसाने ‘मला माहीत नाही’ म्हटलं, तर ऐकणारे त्यात लायकीचा अभाव शोधतात. तेच वाक्य मुरलेल्या साहेबांच्या तोंडी नम्रता ठरतं. म्हणून ज्यांची खुर्ची पक्की आहे त्यांनी आधी बोलावं, आणि हे धाडस एकेकट्याच्या स्वभावावर न सोडता कामाच्या रीतीत बसवावं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-यादी आणली, तिच्यात ही सोय आहे. चीर देण्यापूर्वी प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं. आज अवघड काय जाऊ शकतं, हे सर्जनने सर्वांसमोर बोलायचं. तो सर्जन वीस वर्षांचा अनुभवी असो वा पहिल्याच महिन्यातली तरुण डॉक्टर, प्रश्न दोघांनाही तोच असतो.