पासवर्ड : कुलूप आणि किल्ली
(गणेशोत्सवात नॉलेज सिटी येथे दिलेले भाषण)



पुण्याचं २००५ सालचं प्रकरण काहींना आठवत असेल. एमफॅसिसच्या कॉल सेंटरमधल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांत वळवले. कुलूप कुणी फोडलंच नाही, किल्ली मालकानेच दिली!

आता आपली कुलपं बघा. बाप्पा१२३, शिवाजी१६३०, नाहीतर मुलीचं नाव आणि जन्मसाल. आपल्याला पटकन सुचतं ते चोरालाही सुचतं. त्याहून वाईट म्हणजे सगळीकडे एकच पासवर्ड. एखाद्या फुटकळ साइटवरची यादी फुटली, की चोरांची यंत्रं तीच जोडी ईमेलला आणि बँकेला लावून पाहतात. ईमेल हाती लागला तर बाकीचे पासवर्डही तिथूनच बदलता येतात; म्हणून तो सर्वांत लांब आणि वेगळा हवा.

दर तीन महिन्यांनी सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ मध्ये सांगितलं. उशिरा सुचलेलं शहाणपण! सक्ती झाली की माणूस शेवटचा १ काढून २ लावतो. त्यापेक्षा असंबद्ध शब्दांची माळ करा : पाटा, विमान, कोकम, बुधवार. (हीच घेऊ नका, आता सगळ्यांनी ऐकली आहे.)

ओटीपी मागणारा फोन सरळ ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. ते पुढच्या खात्यात सरकण्याआधीच गोठवता येतात.